मॉडेलच्या पोटात काय आहे: आरमधील एसटीआर फंक्शनचा एक प्रकरण अभ्यास

आर या सांख्यिकीसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत मॉडेल (डेटाला जुळणारे गणिती सूत्र) बसवणे एका ओळीचे काम आहे आणि निकालही लगेच पडद्यावर उमटतो. खरी अडचण पुढे येते. त्या निकालातला एखादा आकडा उचलून तो दुसऱ्या गणितात वापरायचा असतो, आणि तो आकडा ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे आरने निकाल साठवलेल्या डब्यात, नेमका कुठे ठेवलेला आहे हे ठाऊक नसते. पडद्यावर जे दिसते तेच आणि तसेच आत साठवलेले असणार, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक किती ठिकाणी फसते आणि एसटीआर हे ऑब्जेक्टची रचना दाखवणारे फंक्शन नीट वापरले तर ते वेळीच कसे लक्षात येते, हे एका प्रकरणातून पाहू. प्रकरणातला डेटा आरसोबतच येणारा आहे, त्यामुळे पुढचा प्रत्येक आकडा वाचकाला स्वतःच्या संगणकावर पडताळून पाहता येईल. फंक्शनांची आणि घटकांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

डेटा आहे ‘एमटीकार्स’. मोटर ट्रेंड या अमेरिकी मासिकाच्या १९७४ सालच्या अंकांतून घेतलेली ही ३२ मोटारींची माहिती आहे. गाड्या १९७३-७४ च्या आणि चल, म्हणजे प्रत्येक गाडीबद्दल नोंदलेल्या बाबी, ११. त्यांतील तीनच चल आपल्याला लागतात: ‘एमपीजी’ म्हणजे एका अमेरिकी गॅलनमध्ये गाडी किती मैल धावते, ‘डब्ल्यूटी’ म्हणजे हजार पौंडांत मोजलेले वजन आणि ‘सिल’ म्हणजे सिलिंडरांची संख्या. चार सिलिंडरांच्या ११, सहाच्या ७ आणि आठच्या १४ गाड्या आहेत. काम असे की, या तीन गटांत वजन आणि मायलेज यांचे सरळरेषी रिग्रेशन, म्हणजे दोहोंतले नाते दाखवणारी सरळ रेषा, वेगवेगळे बसवायचे आणि तीन ओळींचा एक तक्ता तयार करायचा. प्रत्येक ओळीत रेषेचा उतार, आर-वर्ग (मायलेजमधल्या चढउतारांचा किती वाटा रेषा समजावते), अवशिष्ट स्वातंत्र्यमात्रा (गाड्यांच्या संख्येतून रेषेचे दोन आकडे वजा जाता उरते ते) आणि मॉडेलचे पी-मूल्य (प्रत्यक्षात नाते नसतानाही इतके ठळक नाते दिसण्याची संभाव्यता) हे चार आकडे हवेत.

‘स्प्लिट’ने डेटाचे तीन तुकडे केले आणि ‘एलअप्लाय’ने प्रत्येक तुकड्यावर ‘एलएम’ हे रेषा बसवणारे फंक्शन चालवले. हाती आली तीन घटकांची एक लिस्ट. तिला आपण ‘मॉडेल्स’ म्हणू. तिच्या घटकांची नावे ‘४’, ‘६’ आणि ‘८’ आहेत आणि प्रत्येक घटक हा एक संपूर्ण ‘एलएम’ ऑब्जेक्ट आहे. येथवर काहीही अवघड नाही.

आता आर-वर्ग हवा. एकेका मॉडेलची ‘समरी’ (निकालाचा सारांश) छापली की खाली ‘मल्टिपल आर-स्क्वेअर्ड’ असे शब्द आणि पुढे आकडा दिसतो. तो मॉडेलमध्येच असणार अशा समजुतीने ‘एसअप्लाय’च्या (प्रत्येक घटकावर तीच आज्ञा चालवणाऱ्या फंक्शनच्या) आत प्रत्येक मॉडेलपुढे डॉलरचे चिन्ह देऊन ‘आर.स्क्वेअर्ड’ मागितले जाते. आर काहीही तक्रार करत नाही. चूक दाखवणारा संदेश नाही, इशारा नाही. उत्तर म्हणून तीन घटकांची एक लिस्ट येते आणि तिच्या तिन्ही घटकांत ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, असते. लिस्टमध्ये नसलेले नाव डॉलरने मागितले की आर ‘नल’ देते, हा भाषेचा नियमच आहे. तीन मॉडेले असली तर हे लगेच डोळ्यांत भरते. हीच आज्ञा लांबलचक प्रोग्रामच्या मध्यावर असेल, तर मात्र हे ‘नल’ तसेच पुढे सरकते आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर भलत्याच रूपात वर येते, तेव्हा मूळ कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो.

स्वातंत्र्यमात्रांची गोष्ट याहून बारीक आहे आणि अधिक धोक्याची आहे. मॉडेलपुढे डॉलर देऊन नुसते ‘डीएफ’ मागितले की ९, ५ आणि १२ असे तीन आकडे येतात, आणि ते बरोबर आहेत: ११, ७ आणि १४ यांतून दोन-दोन वजा केले की तेच उरतात. पण ‘एलएम’ ऑब्जेक्टमध्ये ‘डीएफ’ नावाचा घटकच नाही. आहे तो ‘डीएफ.रेसिड्युअल’. डॉलरचे चिन्ह लिस्टमधल्या नावाचा सुरुवातीचा भागही जुळवून पाहते आणि त्या भागाला एकच नाव जुळत असेल तर गुपचूप तोच घटक उचलून देते. आता हीच आज्ञा मॉडेलऐवजी त्याच्या समरीवर चालवली, तर तिथे ‘डीएफ’ नावाचा घटक खरोखरच आहे आणि त्यात एक नव्हे, तीन आकडे आहेत: पहिल्या गटासाठी २, ९ आणि २. आज्ञा तीच, अक्षरे तीच, दोन्हीकडे उत्तर मिळते आणि दोन्ही उत्तरांचे अर्थ वेगळे. नावाच्या अंदाजावर विसंबून काम करणाऱ्याला हा फरक कळण्याचा मार्गच नाही. रचना उघडून पाहिली तर तो एका दृष्टिक्षेपात कळतो.

रचना उघडून पाहण्यासाठी आरमध्ये एसटीआर आहे. झुरिक येथील ईटीएच या तंत्रविद्यापीठातले मार्टिन मॅख्लर हे त्याचे लेखक, आणि त्याच्या मदत-पानावर ‘१९९० पासून’ अशी नोंद आहे. आरची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली; म्हणजे हे फंक्शन त्याही आधीचे, बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या एस भाषेच्या काळातले आहे. त्याची कल्पना साधी आहे. कोणताही ऑब्जेक्ट द्या; त्याच्या प्रत्येक घटकासाठी शक्यतो एक ओळ छापली जाईल, आणि त्या ओळीत घटकाचे नाव, प्रकार, लांबी आणि पहिली काही मूल्ये असतील. घटकाच्या आत आणखी घटक असतील तर ते खालच्या ओळींवर दोन टिंबांनी आत सरकवून दाखवले जातील, त्यांच्याही आत काही असेल तर आणखी दोन टिंबे. ओळीच्या सुरुवातीची टिंबे मोजली की आपण किती पातळ्या खाली आहोत ते कळते. इतक्या वर्षांत नवी साधने पुष्कळ आली, तरी ‘एका घटकाला एक ओळ’ या शिस्तीइतकी उपयोगी कल्पना मला त्यांत क्वचितच दिसली.

मात्र एसटीआर कोणतेही बंधन न घालता ‘मॉडेल्स’वर चालवले तर पडद्यावरून दीडशेहून अधिक ओळी सरसर निघून जातात. अनेकजण येथेच हे साधन बाजूला ठेवतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दोष साधनाचा नसून खोली न सांगता प्रश्न विचारण्याचा आहे. एका ‘एलएम’ ऑब्जेक्टला पन्नासाहून अधिक ओळी लागतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा अ‍ॅट्रिब्यूटच्या, म्हणजे घटकांना चिकटवलेल्या पुरवणी माहितीच्या असतात. ‘टर्म्स’ हा घटक तर त्याच्या सगळ्या अ‍ॅट्रिब्यूटांसह दोनदा छापला जातो: एकदा मॉडेलचा घटक म्हणून आणि पुन्हा ‘मॉडेल’ नावाच्या आतल्या डेटा फ्रेमचे अ‍ॅट्रिब्यूट म्हणून.

म्हणून पाहण्याचा क्रम वरून खाली ठेवावा. ‘मॅक्स.लेव्हल’ हा आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली सूचना) १ दिला की ‘मॉडेल्स’ची फक्त पहिली पातळी उघडते: तीन घटकांची लिस्ट, प्रत्येक घटक १२ घटकांची लिस्ट आणि प्रत्येकाचा वर्ग (क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा प्रकार) ‘एलएम’. एवढ्यावरून दोन गोष्टी निश्चित होतात. तिन्ही मॉडेले बसली आहेत आणि तिन्हींची बाह्य रचना सारखी आहे, त्यामुळे आता एकच उघडून पाहिले तरी पुरे. मग पहिल्या मॉडेलवर, पुन्हा एक पातळी आणि ‘गिव्ह.अ‍ॅट्र’ला ‘फॉल्स’ देऊन एसटीआर चालवले की मथळ्यासह १३ ओळी येतात. त्यांतल्या कामाच्या ओळी अशा दिसतात:

$ कोएफिशंट्स : नेम्ड नम [१:२] ३९.५७ -५.६५
$ क्यूआर : लिस्ट ऑफ ५
$ डीएफ.रेसिड्युअल : इंट ९
$ कॉल : लँग्वेज एलएम(फॉर्म्युला = एमपीजी ~ डब्ल्यूटी, डेटा = डी)
$ मॉडेल : ‘डेटा.फ्रेम’, ११ निरीक्षणे, २ चल

या तेरा ओळींत आर-वर्ग कुठेही नाही. ‘नल’ का आले याचे पूर्ण उत्तर येथे मिळते, आणि ‘डीएफ’ मागितल्यावर ९ कुठून आले हेही. उतार ‘कोएफिशंट्स’मध्ये दुसऱ्या स्थानी आहे, आणि ‘नेम्ड नम’ (नावे असलेल्या संख्या) हे शब्द सांगतात की तो स्थानाऐवजी ‘डब्ल्यूटी’ या नावानेही घेता येईल. नावाने घेणे नेहमी बरे, कारण उद्या मॉडेलमध्ये आणखी एक चल घातला तर स्थान बदलू शकते, नाव बदलत नाही.

मग आर-वर्ग कुठे आहे? तिन्ही मॉडेलांवर ‘समरी’ चालवून मिळालेले ऑब्जेक्ट वेगळे साठवले आणि त्यांतल्या पहिल्यावर एसटीआर चालवले, तर ११ घटकांची एक निराळी लिस्ट दिसते. ‘समरी’ म्हणजे त्याच मॉडेलची नीटनेटकी छपाई, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो स्वतंत्र वर्गाचा, स्वतंत्र घटकांचा ऑब्जेक्ट आहे. ‘आर.स्क्वेअर्ड’ आणि ‘सिग्मा’ येथे आहेत, मूळ मॉडेलात नाहीत. उलट ‘फिटेड.व्हॅल्यूज’ मूळ मॉडेलात आहेत आणि येथे नाहीत. ‘कोएफिशंट्स’ हे नाव दोन्हीकडे आहे, पण एसटीआरच्या ओळीतला कंस पाहावा: मूळ मॉडेलात तो [१:२] आहे, म्हणजे दोन आकड्यांचा व्हेक्टर (एका रांगेतले आकडे), समरीत तो [१:२, १:४] आहे, म्हणजे दोन ओळींची आणि चार स्तंभांची मॅट्रिक्स. अंदाज, प्रमाणित त्रुटी, टी-मूल्य आणि पी-मूल्य असे ते चार स्तंभ. मूळ मॉडेलसाठी लिहिलेली ‘दुसरा घटक घ्या’ ही आज्ञा समरीवर चालवली तरी योगायोगाने उतारच मिळतो, कारण आर मॅट्रिक्स स्तंभांनुसार वाचते. पण ‘तिसरा घटक’ म्हटले की अंतःखंडाची (वजन शून्य धरल्यास रेषा देते त्या आकड्याची) प्रमाणित त्रुटी हाती येते. योगायोगाने बरोबर चालणाऱ्या आज्ञा चूक देणाऱ्या आज्ञांहून अधिक सावधपणे तपासाव्या लागतात.

तक्त्यातला चौथा आकडा उरला: मॉडेलचे पी-मूल्य. समरी छापली की अगदी शेवटच्या ओळीत एफ-मूल्य, त्याच्या दोन स्वातंत्र्यमात्रा आणि पी-मूल्य दिसते. पहिल्या गटासाठी ते ०.०१३७४ आहे. समरीची रचना एसटीआरने कितीही खोलवर उघडली तरी ‘पी.व्हॅल्यू’ नावाचा घटक सापडत नाही. सापडतो तो ‘एफस्टॅटिस्टिक’, तीन आकड्यांचा नावे असलेला व्हेक्टर: ९.३२, १ आणि ९. छपाईचे फंक्शन पी-मूल्य त्या क्षणी या तीन आकड्यांवरून काढते, छापते आणि सोडून देते. म्हणून आपणही तेच करायचे: ‘पीएफ’ या फंक्शनला तिन्ही आकडे द्यायचे आणि ‘लोअर.टेल’ला ‘फॉल्स’ सांगून वरच्या बाजूचे क्षेत्रफळ मागायचे. या प्रकरणात स्वतंत्र चल एकच असल्याने उताराच्या टी-चाचणीचे पी-मूल्य तेच येते आणि ते समरीच्या मॅट्रिक्समध्ये तयार आहे. पण त्याच्यावर विसंबणे योग्य नाही, कारण दुसरा चल आला की दोन्ही पी-मूल्यांची वाट वेगळी होते.

छापील निकालातला मजकूर खरडून त्यातून आकडा काढण्याचे प्रयोग मी पाहिले आहेत. पडद्यावरचा मजकूर पकडायचा, त्यात ‘पी-व्हॅल्यू’ हे शब्द शोधायचे आणि पुढचा आकडा कापून घ्यायचा. असे करू नये, असे स्पष्टच सांगतो. छपाई वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असते. तिथे आकडे गोल केलेले असतात आणि फार लहान मूल्यांच्या जागी ‘अमुकपेक्षा कमी’ असे चिन्ह येते.

रचनेकडे लक्ष असल्यामुळे या प्रकरणात आणखी एक गोष्ट उघड झाली, जी मूळ कामात मागितलेलीच नव्हती. वरच्या ओळींतला ‘कॉल’ पुन्हा पाहावा. त्यात डेटाचे नाव ‘डी’ आहे. ‘एलअप्लाय’ला दिलेल्या छोट्या फंक्शनमध्ये डेटाच्या तुकड्याला हे नाव होते, आणि तिन्ही मॉडेलांत अक्षरशः तीच ओळ नोंदली गेली आहे. कोणते मॉडेल कोणत्या गटाचे हे मॉडेलला स्वतःला ठाऊक नाही. ते फक्त बाहेरच्या लिस्टमधल्या ‘४’, ‘६’, ‘८’ या नावांत आहे. ती नावे कुठे गळून पडली तर ओळख पटवायला निरीक्षणांची संख्या किंवा अवशेषांना (प्रत्यक्ष मायलेज आणि रेषेने दिलेले मायलेज यांतल्या फरकांना) चिकटलेली गाड्यांची नावे तपासावी लागतील. पुढे कोणी ‘अपडेट’ वापरून पहिल्या मॉडेलात अश्वशक्तीचा चल घालू पाहिला, तर आर ‘डी’ नावाचा ऑब्जेक्ट सापडत नाही असे सांगून थांबेल. हा झाला चांगला शेवट. कामाच्या जागेत योगायोगाने ‘डी’ नावाचा दुसराच डेटा फ्रेम असेल आणि त्यात तेच चल असतील, तर आर न थांबता त्या भलत्याच डेटावर नवे मॉडेल बसवून देईल.

अ‍ॅट्रिब्यूट चालू ठेवून ‘टर्म्स’ घटक उघडला तर ‘.एन्व्हायर्नमेंट’ नावाचे अ‍ॅट्रिब्यूट दिसते. एन्व्हायर्नमेंट म्हणजे आर जिथे नावे आणि त्यांची मूल्ये ठेवते ती जागा. मॉडेल थेट कन्सोलवर बसवले असते तर तेथे जागतिक एन्व्हायर्नमेंटचे नाव असते. येथे मात्र मेमरीतला एक पत्ता आहे, म्हणजे सूत्र त्या छोट्या फंक्शनच्या एन्व्हायर्नमेंटला बांधलेले आहे आणि ‘डी’ तिथे जिवंत आहे. एमटीकार्ससारख्या चिमुकल्या डेटासाठी याने काही बिघडत नाही. पण हेच काम एखाद्या मोठ्या फंक्शनच्या आत, लाखो ओळींचा डेटा जवळ असताना केले, तर मॉडेल फाइलमध्ये साठवताना त्या एन्व्हायर्नमेंटमधले सगळे सोबत लिहिले जाते. ‘ऑब्जेक्ट.साइज’ने मोजलेल्या आकारात ते धरलेले नसते, त्यामुळे लहानशा मॉडेलची फाइल अचानक अवाढव्य का झाली हे कळत नाही. त्याचा माग एसटीआरच्या त्या एका ओळीत असतो.

आता एसटीआर काय दाखवत नाही, तेही सांगायला हवे. ‘गिव्ह.अ‍ॅट्र’ बंद केले की वर्गाची ओळही जाते आणि ‘एलएम’ ऑब्जेक्ट साध्या लिस्टसारखा दिसतो, म्हणून ते बंद करण्याआधी एकदा चालू ठेवून पाहावे. डेटा फ्रेमच्या ओळींची नावे ते छापत नाही. एमटीकार्समध्ये गाड्यांची नावे नेमकी तिथेच आहेत, आणि फक्त एसटीआर पाहणाऱ्याला हा डेटा बिननावाच्या गाड्यांचा वाटेल. आकडे तीन सार्थ अंकांच्या हिशेबाने दाखवले जातात, त्यामुळे ते अहवालात उतरवू नयेत. लिस्टमध्ये ९९ हून अधिक घटक असतील तर पुढचे गाळले जातात. तशी सूचना शेवटी येते, पण घाईत ती नजरेतून सुटते आणि ‘लिस्ट.लेन’ वाढवायचे राहून जाते. शिवाय एसटीआर फक्त छापते, परत काही देत नाही. त्याचे उत्तर एखाद्या नावात साठवले तर तिथे ‘नल’ सापडेल. मजकूरच हवा असेल तर ‘कॅप्चर.आउटपुट’ वापरावे.

इतर साधनांबद्दल थोडक्यात. डीप्लायर या पॅकेजासोबत (आरला जोडायच्या फंक्शनांच्या संचासोबत) मिळणारे ‘ग्लिम्प्स’ सपाट तक्त्यांसाठी उत्तम आहे, एकात एक डबे असलेल्या लिस्टसाठी नाही. लॉबस्टर पॅकेजातले ‘ट्री’ फांद्या रेखून दाखवते. आरस्टुडिओत, म्हणजे आरसाठीच्या खिडक्यांच्या संपादकात, ‘व्ह्यू’ने लिस्ट उघडली की माउसने एकेक पातळी उलगडता येते आणि शिकणाऱ्याला ते सोपे जाते, पण तेथे पाहिलेले स्क्रिप्टमध्ये किंवा सहकाऱ्याला पाठवायच्या मजकुरात नोंदले जात नाही, आणि दूरच्या सर्व्हरवर नुसत्या टर्मिनलवरून काम चालू असेल तर ते हाताशीही नसते. एसटीआर कुठेही चालते. एस-फोर या आरमधल्या निराळ्या पद्धतीच्या वर्गांच्या ऑब्जेक्टवरही ते चालते. तेथे डॉलरच्या जागी ‘@’ हे चिन्ह दिसते, आणि घटक काढतानाही तेच चिन्ह वापरायचे हे त्यातूनच समजते.

शेवटी तक्ता कसा बांधला ते पाहू. ‘एसअप्लाय’ काढून तिच्या जागी ‘व्हीअप्लाय’ घेतले आणि प्रत्येक वेळी एकच संख्या अपेक्षित आहे असे तिला सांगितले. हा बदल छोटा दिसतो, पण सुरुवातीची दोन्ही संकटे त्याने दारातच अडतात: ‘नल’ आले तर लांबी शून्य म्हणून आज्ञा थांबते, आणि समरीतल्या ‘डीएफ’सारखे तीन आकडे आले तर लांबी तीन म्हणून थांबते. डॉलरऐवजी दुहेरी चौकटी कंस वापरले, कारण ते अर्धवट नावे जुळवत नाहीत. मात्र लिस्टमध्ये नाव अजिबात नसेल तर तेही ‘नल’च देतात, म्हणून ‘व्हीअप्लाय’ची साथ सोडता येत नाही. ज्यांच्या जुन्या स्क्रिप्टांत डॉलर विखुरलेले आहेत, त्यांनी ‘वॉर्नपार्शलमॅचडॉलर’ हा ऑप्शन ‘ट्रू’ करून त्या स्क्रिप्टा एकदा चालवाव्यात. अर्धवट नाव जिथे जिथे जुळवले गेले, तिथे तिथे इशारा येईल.

उतार आणि ‘डीएफ.रेसिड्युअल’ मूळ मॉडेलांतून घेतले, ‘आर.स्क्वेअर्ड’ समरींतून, आणि पी-मूल्य ‘एफस्टॅटिस्टिक’वरून काढले. गटाचे नाव लिस्टच्या नावांतून उचलून तक्त्याच्या पहिल्या स्तंभात घातले, म्हणजे ते पुढे हरवणार नाही. चार सिलिंडरांच्या गटात उतार -५.६५, आर-वर्ग ०.५०९, स्वातंत्र्यमात्रा ९ आणि पी-मूल्य ०.०१४ आले, सहाच्या गटात -२.७८, ०.४६५, ५ आणि ०.०९२, आठच्या गटात -२.१९, ०.४२३, १२ आणि ०.०१२. सर्व ३२ गाड्या एकत्र घेतल्या तर उतार -५.३४ आणि आर-वर्ग ०.७५३ येतो. गटांमधला फरक एकत्रित रेषेत मिसळला गेल्याने तो आर-वर्ग इतका मोठा दिसतो, आणि मधल्या गटात सातच गाड्या असल्याने तिथल्या उताराविषयी ठाम विधान करता येत नाही. तक्त्यासोबत दोन्ही रचनांचे एक पातळीचे एसटीआर-छापील रूप स्क्रिप्टमध्येच टिप्पणी म्हणून ठेवले आहे, त्यामुळे कोणता आकडा कोणत्या घटकातून आला हे पुढच्या वाचकाला पुन्हा शोधावे लागणार नाही.